कोरड्या गावचं वाद्य ओल्या गावाला नेताना

जून संपत आला की मला ठराविक फोन यायला लागतात. कोणाच्या पोराचा रत्नागिरीला नंबर लागलेला असतो, कोणाच्या पोरीला नवी मुंबईत नोकरी मिळालेली असते, कोणाच्या भजनी मंडळाला श्रावणात चिपळूणला बोलावलेलं असतं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, वाद्य न्यावं का इथंच ठेवावं?" यंदा एक वडील म्हणाले, "पोरगं म्हणायलंय गिटार सोबत न्यायची, आन् शेजारचे म्हणायलेत तिकडच्या हवेत लाकूड सडतंय, तर खरं काय ते तुम्हीच सांगा." प्रत्येकाला फोनवर तेच ते अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकावं म्हणलं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

तर आधी ते सडण्याचं. सडत बिडत काही नाही हो. कलकत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या सतार-सरोद वाजतंय, केरळात आणि चेन्नईत घरोघरी व्हायोलिन आणि वीणा आहेत, गोव्यात तर व्हायोलिन पोर्तुगीजांच्या काळापासून चर्चमधे वाजत आलंय. दमट हवेत वाद्य जगतंच. लाकडाला त्रास होतो तो झटकन बदललेल्या हवेचा, आणि आपल्या लातूर-धाराशिव-बीडच्या माणसानं हे जास्त लक्षात ठेवायला पाहिजे कारण आपलं वाद्य आधीच वाळून खडंग झालेलं असतं. माझं तर स्पष्ट मत आहे की जाताना जेवढी भीती असते त्याच्या दुप्पट परत येताना असायला पाहिजे, पण परत येताना कोणीच फोन करत नाही. फोन येतो तो थेट दिवाळीनंतर, "मॅडम, तबलीला (सतार-तानपुऱ्याच्या पुढच्या लाकडी फळीला) चीर पडली."

आपल्याकडं एप्रिल-मे मधे दुपारी हवेतला दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. २०१६ च्या एप्रिलमधे ज्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मिरजेहून आपल्याकडचे बहुतेक तानपुरे येतात, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मानांकनही मिळालं, चांगलं झालं.) तर ह्या अशा हवेत उन्हाळाभर वाळलेलं वाद्य पावसाळ्यात रत्नागिरीला नेऊन ठेवलं की तिथं दमटपणा असतो ८५-९० टक्के. कुठं आपली उन्हाळ्यातली हवा आणि कुठं ही. आपल्याला नुसतं चिकचिक होतं, लाकडाचं मापच बदलतं.

ते कसं, तर लाकूड हवेतला ओलावा घेत राहतं आणि सोडत राहतं, पॉलिश असलं तरी, फक्त पॉलिशमुळं वेग कमी होतो. हवेत ३० टक्के दमटपणा असेल तर लाकडात त्याच्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी असतं, ५० टक्क्याला ९ च्या आसपास, आणि ८० टक्क्याला १६. आता हे पाणी वाढलं की लाकूड फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषेच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळपास काहीच फरक पडत नाही, आडवं मात्र फुगतं. पावसाळ्यात घराचं लाकडी दार बसत नाही ते रुंदीमुळं, उंचीमुळं नाही, बघा कधी. गिटारची पुढची फळी खाली सगळ्यात रुंद जागी ४०० मिलिमीटरच्या आसपास असते. स्प्रूसची फळी असेल तर लाकडातल्या पाण्याच्या दर एक टक्क्याला ती रुंदीत ०.१४ टक्के वाढते. ६ वरून १६ वर गेलं म्हणजे दहा टक्के, म्हणजे कागदावर हिशोब केला तर पाच मिलिमीटरच्या वर! प्रत्यक्षात एवढं होत नाही कारण पॉलिश असतं, मागून पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि लाकडाला तेवढं शोषायला आठवडे लागतात. पण त्या पट्ट्या आणि कडा फळीला बाजूला पसरू देत नाहीत म्हणून ती फुगून वर येते. पोट सुटतं तिला. ब्रिज, म्हणजे तारा फळीवर टेकतात ती पट्टी, वर उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डापासून (दांडीवर बोटं दाबतो त्या पट्टीपासून) लांब जातात, बोटं दुखायला लागतात, सूर चढे लागतात आणि आवाज बसल्यासारखा येतो. पोरं म्हणतात गिटार खराब झाली. नाही झाली, फुगली फक्त, हवा सुधारली की बरीचशी जागेवर येते.

उलट कोरड्यात फळी खाली बसते, तार पडद्यावर आपटून झर्र झर्र वाजते, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात, आणि फारच झालं तर चीर. फुगलेलं परत बसवता येतं, चिरलेलं चिकटवावं लागतं. म्हणून मला कोरड्याची भीती जास्त.

गिटारवाल्यांना एक विचारायचं राहिलंच, तुमची फळी प्लायची आहे का सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाची? स्वस्तातल्या, शिकाऊ गिटारींना बहुतेक वेळा प्लाय असतो, त्यात एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात त्यामुळं तो फारसा हलत नाही. असली गिटार खुशाल न्या, पावसात भिजवू नका म्हणजे झालं, पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. आवाजाच्या भोकातून फळीची कड बघा, वरच्या रेषा कडेतून आत खालपर्यंत सलग गेलेल्या दिसल्या तर सॉलिड, मधे सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय.

व्हायोलिनचं वेगळं आहे. व्हायोलिनच्या वरच्या आणि खालच्या पाट्या सरसानं चिकटवतात, आणि चांगला कारागीर हा सरस मुद्दाम जरा पातळ ठेवतो, म्हणजे लाकूड ताणलं गेलं तर आधी जोड सुटावा, लाकूड फाटू नये. हे कळल्यापासून जोड सुटला की मी घाबरत नाही. उलट बरं वाटतं. सुटलाय का हे बघायची पद्धत सोपी आहे, व्हायोलिन मानेला एका हातानं धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं कडेकडेनं हलकं टकटक करत पूर्ण चक्कर मारायची. जोड घट्ट असेल तिथं भरीव टक् येतो, सुटला असेल तिथं एकदम फटफटीत, दोन पातळ गोष्टी एकमेकीला लागल्यासारखा. तो आवाज एकदा कानाला कळला की विसरत नाही. बहुतेक वेळा हनुवटी ठेवायच्या जागेजवळ सुटतो, घाम तिथंच जातो ना. सुटला तर घरी फेविकॉल लावू नका, मी हात जोडते, पुढच्या वेळी तो जोड उघडायचा झाला तर कारागिराला लाकूडच फाडावं लागतं. सरस लावणाऱ्याकडंच द्या.

खुंट्या दमट हवेत फुगून भोकात घट्ट बसतात, हलतच नाहीत, आणि कोरड्यात आकसून सटकतात, रात्री केसमधे, म्हणजे वाद्याच्या खोक्यात, सरळ ठेवलेल्या व्हायोलिनच्या चारही तारा सकाळी सुटलेल्या असतात. सटकत असेल तर थोडा खडू, अडकत असेल तर खुंटी बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसून थोडा कोरडा साबण किंवा दुकानात मिळणारं पेग कंपाउंड. पक्कड लावायची नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तानपुऱ्याची खुंटी पकडीनं फिरवली आणि खुंटी गेलीच, वर दांडीपण चिरली.

आता सतार-तानपुरा. तुनच्या लाकडाची दांडी आणि तबली, आणि खाली भोपळा, तोही पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. भोपळ्याला बाहेरून पॉलिश असतं पण आतून तो कोरा, म्हणजे ओल आत गेली की आरामात मुरते. दमटात भोपळ्याला आतून बुरशी धरते, वास येतो, आणि भोपळा नि तबलीचा जोड सुटायची शक्यता वाढते. पण त्याच्या कितीतरी आधी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा आवाज, सांगून टाकते. तबली केसभर उचलली तरी घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, कोन बदलतो आणि काल इथं लातूरला मस्त उघडा, लांबलचक लागणारा तानपुरा तिथं गेल्यावर मुका लागतो. अशा वेळी लगेच घोडी घासायला घेऊ नका, कोणी कितीही जाणकार म्हणून पुढं आला तरी. तारेखालचा दोरा बोटाच्या नखानं कणभर मागं-पुढं सरकवत बसायचं, तार छेडत छेडत, एक जागा अशी येते की आवाज एकदम फुलतो. तो दोरा सुती असेल तर तोही ओल पिऊन फुगलेला असतो, तो काढून टाकून कोरडा, जरा बारीक दोरा घालून बघा. चारी तारांचं हे करायला अर्धा तास जातो, कार्यक्रमाच्या आधी तेवढा वेळ हातात ठेवून पोचायचं. घोडी एकदा घासली तर ती तिथल्या हवेला घासली जाते आणि घरी आल्यावर परत बिघडते, मग परत घासा. घोडीवर तेवढी हाडं कुठून आणायची!

हां, आणि वारकऱ्यांची वीणा. कोणी म्हणेल आषाढी वारीला पैठणहून नाथांची पालखी निघते, दिंडीत विणेकरी पावसात चालतात, त्यांची वीणा कुठं बिघडते? सप्ताहात तर वीणा दिवसरात्र उभी असते, पहारा बदलतो पण वीणा खाली ठेवत नाहीत. बरोबर आहे, पण त्या विणेचं लाकूड जाड, काम दणकट, आणि तिच्याकडून षड्ज धरण्यापलीकडं कोणी काही मागत नाही. पातळ तबलीतून बारीक आवाज काढायचा म्हणलं की ही सगळी नाटकं आली.

प्रवासाकडं येते. हार्ड केस घ्या. किंमत बघून जीवावर येतं, मला कळतं, पण कापडी बॅगेतून हवा ये-जा करत राहते आणि बंद केसमधे ती अडकते, हा खरा फायदा आहे. ह्याचा एक हिशोब मी विद्यार्थ्यांना करून दाखवते. ३० डिग्री तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं. गिटार ठेवल्यावर केसमधे उरते ५०-६० लिटर हवा, म्हणजे ती कितीही दमट असली तरी तिच्यात पाणी जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. आणि गिटारच्या दीड-दोन किलो लाकडातलं पाणी चार टक्क्यांनी वाढायचं तर लागतं ६० ते ८० ग्रॅम. आता सांगा, बंद केस काय वाकडं करणार? वाकडं होतं ते दर तासाला केस उघडून नातेवाइकांना दाखवलं तर, कारण दर वेळी नवी ओली हवा आत जाते. आणि वाद्य बाहेर काढून चार दिवस भिंतीला टेकवून ठेवलं तर मग बोलायलाच नको. वाजवायचं, पुसायचं, केसमधे, कडी लावायची. ही एवढी सवय लागली तरी अर्धं काम झालं.

निघताना तारा थोड्या उतरवा. थोड्या म्हणजे एखाद-दोन सूर, सैल लोंबेपर्यंत नाही. व्हायोलिनच्या तर अजिबात पूर्ण सोडायच्या नाहीत कारण आतली साउंडपोस्टची काडी चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते, तारा सोडल्या की ती आत पडते आणि मग ती उभी करणारा माणूस शोधत फिरा. पॉलिशला प्लास्टिक थेट गुंडाळू नका, लाखेचं पॉलिश असेल तर उकाड्यात आणि ओलीत त्याच्यावर ठसे उमटतात किंवा पांढुरके डाग पडतात. आधी सुती कपडा, जुनी मऊ ओढणी असेल तर उत्तम, मग केस, आणि केसच्या बाहेरून मोठी काळी प्लास्टिकची पिशवी, ती फक्त प्रवासापुरती, पोचल्यावर काढायची. तानपुऱ्याला केस नसेल तर लोक गोधडी गुंडाळतात, ती चालते, कोरडी आहे तोवर. भिजली की तीच ओल धरून बसते.

गाडीच्या डिकीत नको. जेवायला ढाब्यावर गाडी उन्हात लावली की बंद गाडी आतून पार तापते, साठ डिग्रीच्या घरात सरस मऊ पडायला लागतो आणि ब्रिज उचकटतो. आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत पावसाळ्यात काय काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. माझ्या एका विद्यार्थ्याची गिटार एका खासगी बसच्या डिकीत पाण्यात बसून गेली, उतरवणारा म्हणाला "बॅग वरून कोरडीच हाय की." सीटजवळ घ्या, स्लीपरमधे पायाशी आडवी ठेवा, वेळ पडली तर एक सीट जास्तीची काढा, दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडते.

एसी बसमधून किंवा एसी डब्यातून उतरलात की लगेच केस उघडायची नाही. चष्मा घालणाऱ्यांना माहितीये, एसीतून बाहेर आलं की काचेवर क्षणात पाणी जमतं, तेच पाणी थंड वाद्यावर आणि तारांवर जमतं. दोन-तीन तास केस बंदच राहू द्या, वाद्य बाहेरच्या हवेइतकं कोमट होऊ द्या, मग उघडा. आयोजक घाई करतात, करू देत. चहा प्या तोवर.

तिथं ठेवायचं कुठं? जमिनीवर नाही, कोकणात पावसाळ्यात फरशीला घाम फुटतो. बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही. खिडकीजवळ नाही. पलंगावर, टेबलावर, आतल्या भिंतीच्या बाजूला. खोलीत एसी असेल आणि त्याला ड्राय मोड असेल तर दिवसातून थोडा वेळ लावा, पण वाद्य एसीच्या झोतात नको. एसी नसेल तर कोकणातलीच एक जुनी युक्ती आहे, कपाटात खालच्या कप्प्यात कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. हवा थोडी गरम झाली की तिचा दमटपणा उतरतो, २७ डिग्रीची ९० टक्के दमट हवा ३२ डिग्रीला नेली की ६७-६८ टक्क्यांवर येते, तेवढंच पाणी, पण फरक बघा. एलईडी चालत नाही, तो तापत नाही. आणि बल्बजवळ कपडे, प्लास्टिक, केस काहीही नको, आग लागेल, वाद्य दोन कप्पे वर. हॉस्टेलवर हे करू नका, वॉर्डन मला शिव्या घालतील.

केसमधे काय टाकायचं, ह्याच्यावर सगळ्यांची वेगवेगळी मतं असतात. तांदळाची पुरचुंडी टाकणारे लई आहेत. तांदळात स्वतःचंच बारा-तेरा टक्के पाणी असतं, तो आणखी काय पिणार, वर किडे येतात ते वेगळंच. डांबरगोळ्या अजिबात नको, वास वर्षभर जात नाही आणि काही पॉलिशना त्या वाफेचा त्रास होतो. बुटाच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या जमवून टाकतात, त्या बहुतेक वेळा आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात, निरुपयोगी. रंग बदलणारी सिलिका जेल घ्या, केशरी असते ती ओली झाली की हिरवी होते, मग ओव्हनमधे ११०-१२० डिग्रीला दोन तास ठेवली की परत केशरी. पण सिलिकाला थांबायचं कुठं ते कळत नाही, ती ओढतच राहते, म्हणून जुलै-ऑगस्टमधे कोकणात ती ठीक, लातूरला पाय ठेवायच्या आधी केसमधून काढायची. विसरलात तर आपलाच उन्हाळा आपण केसमधे भरून ठेवला असं होईल.

खर्च करायची तयारी असेल तर दोन्ही बाजूनं काम करणाऱ्या पुड्या मिळतात, बोव्हेडाच्या ४९ टक्क्यांच्या मी वापरते, डॅडारिओच्याही आहेत. ह्यात मिठाचं दाट द्रावण असतं, दमट असलं की पाणी ओढतं, कोरडं असलं की सोडतं, मधे थांबतं. कोकणात त्या लवकर फुगतात आणि आत पातळ पाणी झालं की गेल्या. लातूरला उन्हाळ्यात उलट, कडक होतात. स्वस्त नाहीत, पण सॉलिड वाद्य असेल तर हा खर्च करा, तारांच्या महागड्या सेटवर नंतर करा.

आणि ह्या सगळ्याच्या आधी, एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र. तीन-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळतो, केसच्या आत ठेवायचा. ४५ ते ५५ उत्तम, ४० ते ६० चालतंय, ६५-७० च्या वर आठवडाभर राहिला तर काहीतरी करा, ३५ च्या खाली गेला तर लगेच करा. स्वस्तातले हायग्रोमीटर खोटं बोलतात म्हणून आणल्या आणल्या त्याची परीक्षा घ्यायची. बाटलीच्या झाकणात स्वैपाकाचं मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून घट्ट गोळा करा, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या वरची हवा बरोबर ७५ टक्क्यांवर स्थिर होते, कुठल्याही खोलीत. सकाळी ७० दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो, कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवा. शाळेतल्या पोरांना हे करायला द्या, लई आवडतं.

आता आपल्या घरातलं कोकण, ते कोणी धरतच नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारी सगळीकडं कूलर चालू. कूलर म्हणजे हवेत पाणीच सोडतो तो. दुपारी बारा ते पाच कूलर, दमटपणा ६०-७० वर, संध्याकाळी कूलर बंद, खिडक्या उघड्या, परत २०-२५. रोज. एप्रिल-मे असे दोन महिने. कूलरच्या खोलीत भिंतीला टांगलेली गिटार ह्या दोन महिन्यात जेवढं सोसते तेवढं कोकणात वर्षभर राहून सोसणार नाही. म्हणून उन्हाळ्यात वाद्य कूलरच्या खोलीत उघडं नको, केसमधेच, आणि केसमधे भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंज. थेंब पडता कामा नये. दर चार-पाच दिवसांनी बघायचा, मे मधे दोन दिवसातच खडखडीत होतो.

आणि परत येणं. दोन-तीन महिने तिथं राहिलेलं वाद्य आता ओल पिऊन फुगलेलं आहे, आणि तुम्ही येणार दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर हीट संपून कोरडी थंडी सुरू व्हायच्या बेताला. इथं घाई केली की चीर. आल्या आल्या केस बंदच ठेवा एक दिवस, मग पहिला आठवडा रोज वाजवा थोडं पण बाहेर ठेवू नका, केसमधे तो ओला स्पंज पहिल्या दिवसापासून, हायग्रोमीटर हळूहळू ७० वरून ५० ला उतरू दे दोन-तीन आठवड्यात. गॅलरीत उन्हाला ठेवून "वाळवणारे" लोक आहेत, पापड आहेत का ते? बुरशीचा वास येत असेल तर सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही, तासभर केस वेगळी उघडी ठेवा, वाद्य नाही. केसच्या आतलं मखमली अस्तर वाद्याइतकीच ओल धरतं, ते वाळवलं की वास जातो.

तारा परत येताना पुसून घ्या, समुद्राच्या हवेत मीठ असतं, स्टीलच्या तारांना कळायच्या आत गंज धरतो. सतारीच्या तरफांच्या (मुख्य तारांखालच्या बारीक तारांच्या) खाली हात पोचत नाही, तिथं एक जुना मऊ कपडा पट्टी करून तारांच्या खालून ओढायचा.

शेवटी व्हायोलिनवाल्यांसाठी एक, बो चं, म्हणजे वाजवायच्या गजाचं. बो चे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, ते दमटात लांबतात. तिथं गेल्यावर स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी केस ताठ होत नाहीत, मग कोणीतरी सांगतं नवे केस बसवून घ्या, आणि तिथल्या पावसाळ्यात, तिथल्या लांबीला, नवे केस बसतात. तो बो घेऊन तुम्ही नोव्हेंबरमधे लातूरला आलात की ते केस आकसतात, स्क्रू पूर्ण सैल केला तरी ताण उतरत नाही, आणि काडीचं टोक, जिथं केस अडकवलेले असतात ते, एक दिवस कट् करून मोडतं. टोक मोडलेला बो नीट दुरुस्त होत नाही. त्यामुळं तिथं केस बदलायचेच झाले तर बसवणाऱ्याला आधी सांगा की हा बो कोरड्या भागात परत जाणार आहे, जरा लांब ठेवा, तो समजून घेतो. तोपर्यंत दुसरा साधा फायबरचा बो नेलेला बरा, आणि कुठलाही असो, वाजवून झालं की स्क्रू सैल करायचा, तिथंही आणि इथंही.